वाचनकट्ट्यासाठी पाच पुस्तकं कशी निवडावीत

वाचनकट्ट्यावर नव्याने येऊ लागलेल्या माणसाला दोन-तीन बैठका झाल्या की कुणीतरी म्हणतंच, "पुढच्या महिन्याची पुस्तकं तुम्ही सुचवा. पाच आणा, जरा वेगवेगळी." माणूस घरी जातो, कपाटासमोर उभा राहतो आणि आपली सर्वांत आवडती पाच पुस्तकं काढतो. अडचण इथेच सुरू होते. आवड एकाच माणसाची, त्यामुळे ती पाचही एकमेकांची भावंडं निघतात. ज्याला पहिलं रुचलं त्याला पाचही रुचतात, आणि ज्याला पहिलं रुचलं नाही तो त्या महिन्यात काहीच वाचत नाही.

हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. कट्टा सोसायटीच्या हॉलमधला असो, गावच्या वाचनालयातला असो किंवा परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा, कामाची रीत फारशी बदलत नाही. माझं म्हणणं एकच आहे. पुस्तकांचं वेगळेपण कपाटात शोधण्याआधी समोर बसलेल्या माणसांत शोधावं. यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढे कट्ट्यावरच्या निदान एका माणसाचं नाव तुम्हाला मनातल्या मनात लिहिता आलं पाहिजे. ज्या पुस्तकापुढे नाव सुचत नाही ते कितीही थोर असलं तरी या महिन्यापुरतं बाजूला ठेवा.

आधी विचारपूस

"तुम्हाला काय वाचायला आवडतं?" असं विचारू नका. उत्तर "तसं सगळंच" असं येतं आणि त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं ते विचारा. अर्धवट सोडलेलं कोणतं आणि ते कुठे सोडलं, हेही विचारा. वाचता कधी? लोकलमध्ये, दुपारी घर शांत झाल्यावर, की रात्री अंथरुणात?

यातला अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा प्रश्न सर्वांत मोलाचा. एखादी मुलगी म्हणते, 'कोसला' वीस-पंचवीस पानांवर सोडलं. कारण विचारलंत तर बहुधा पांडुरंग सांगवीकरच्या आयुष्याबद्दल तिची तक्रार नसते. ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांनी भरलेलं बोलणं तिच्या कानाला बसलेलं नसतं. तिला कोवळ्या वयाच्या मुलाचं मन नको आहे असा अर्थ काढू नका. मिलिंद बोकील यांची 'शाळा' तिच्या हाती द्या. तिथेही एक मुलगाच आपली गोष्ट सांगतो, काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा, पण वाक्यं सरळ धावतात. ती वाचून झाल्यावर हीच मुलगी 'कोसला'कडे परत गेली तर मला नवल वाटणार नाही. दुसरा कुणी सांगेल की 'मृत्युंजय'ची भाषा फार फुलोऱ्याची वाटली. त्याला महाभारत हवं आहे, फुलोरा नको आहे. त्याच्यासाठी काय आहे ते पुढे सांगते.

वाचायच्या वेळेला आणि जागेला लोक महत्त्व देत नाहीत, आणि तिथेच चांगल्या शिफारशी वाया जातात. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' दोन खंडांची कादंबरी आहे. मे महिन्यात कोकणातल्या घरी ती वाचणं हे सुख आहे, पण कर्जत लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? त्याला कथासंग्रह द्या. एक कथा डोंबिवली ते दादर अशी संपली पाहिजे. ज्यांचे डोळे थकले आहेत त्यांना टाइप केवढा हवा ते स्पष्ट विचारा. जुन्या आवृत्त्यांचा बारीक टाइप हे पुस्तक परत येण्याचं मोठं कारण असतं आणि संकोचाने ते कुणी बोलून दाखवत नाही. अशांना स्टोरीटेलसारख्या ॲपवरची मराठी श्राव्य पुस्तकं लावून देता येतात. ऐकणं म्हणजे कमी दर्जाचं वाचन, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

आणखी एक संकोच जपावा लागतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली पंचविशीतली मुलं मराठी उत्तम बोलतात, सगळं समजतं, पण देवनागरी सावकाश वाचतात. हे त्यांना चारचौघांत कबूल करायचं नसतं. म्हणून त्यांच्या हाती बालवाङ्मय ठेवू नका, तो अपमान वाटतो. छोटी प्रकरणं आणि भरपूर संवाद असलेलं, पण मोठ्यांच्या जगातलं पुस्तक निवडा.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, आजारपण चालू असेल, तर तेवढं माहीत करून घ्या. आई जाऊन महिना न झालेल्या माणसापुढे 'श्यामची आई' ठेवायची की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावं.

वेगळेपण कुठे कुठे पाहायचं

एक यादी डोळ्यांसमोर आणा: 'स्वामी', 'ययाति', 'मृत्युंजय', 'छावा', 'पानिपत'. १९५९ ते १९८८ या काळातल्या या कादंबऱ्यांवर मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या आहेत आणि त्यांच्याविरुद्ध माझा एकही शब्द नाही. पण यादी म्हणून पाहा. पाचही कादंबऱ्या, पाचही जाडजूड, पाचही राजे आणि योद्ध्यांच्या, पाचही पुरुषांनी लिहिलेल्या. विषय पौराणिक आणि ऐतिहासिक असे दोन, म्हणून ती मिश्र वाटते, पण तसं काही नसतं.

यादी तपासताना साहित्यप्रकार हा एकच निकष धरू नका. कोण बोलतंय ते पाहा: बाई की पुरुष, गावकुसाच्या आतलं माणूस की बाहेरचं. मराठी कुठली आहे ते पाहा. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी, बहिणाबाईंच्या गाण्यांतली खानदेशी, माडगूळकरांची माणदेशी, अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'तली वारणेकाठची बोली, ही सगळी मराठीच, पण पुण्या-मुंबईच्या कट्ट्यावर महिनोन् महिने यांपैकी एकही कानावर पडत नाही. गोव्याची पुस्तकं तर विसरलीच जातात. सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याला जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशी यांच्या कथांमधला गोवा पर्यटकांना दिसणाऱ्या गोव्याहून किती वेगळा आहे, हे तिथल्या आणि इथल्या दोन्ही वाचकांनी पाहण्यासारखं आहे.

त्यानंतर काळ पाहा, जाडी पाहा, आणि पुस्तक वाचकाकडून किती धीर मागतं तेही पाहा. पाचही पुस्तकं धीर मागणारी असतील तर कट्टा दमतो. पाचही हलकी असतील तर बैठकीत बोलायला काही उरत नाही.

आपण स्वतः कुठे कधी जातच नाही, हे कळायला साताऱ्याजवळच्या भिलारला एक दिवस काढून जाऊन यावं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं आहे. वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडली आहेत. कुठे कथा, कुठे इतिहास, कुठे कविता. हिंडताना आपले पाय कुठल्या घराकडे आपोआप वळतात आणि कुठलं घर आपण बाहेरूनच पाहून पुढे जातो, याकडे लक्ष ठेवा. जे घर टाळलंत त्यातलं एक पुस्तक पुढच्या यादीत यायला हवं.

जोड्या लावा

नव्या माणसाला मी सर्वांत आग्रहाने शिकवते ती ही रीत. एकदम पाच पुस्तकं सुचत नाहीत, पण एका पुस्तकाला जोडीचं दुसरं सुचतं. जोडी अशी हवी की विषय तोच, पण उभं राहायची जागा वेगळी.

'मृत्युंजय' घ्या. कर्णाची गोष्ट सहा जण सांगतात, त्यात कर्ण स्वतः आहे, कुंती आहे, वृषाली आहे. वाचताना माणूस कर्णाच्या बाजूचा होऊन जातो. आता त्याच साली, १९६७ मध्ये आलेलं इरावती कर्वे यांचं 'युगांत' शेजारी ठेवा. लेखिका मानववंशशास्त्रज्ञ. महाभारतातली माणसं ती माणसं म्हणूनच तपासते, आणि तिथला कर्ण चुकणारा, आपण कोण या प्रश्नाने पोखरलेला दिसतो. भाषा कोरडी नाही, पण अलंकार जवळजवळ नाहीत. मघाचा तो फुलोरा न आवडलेला वाचक इथे रमतो. आणि ज्याने 'मृत्युंजय' पूजेसारखं वाचलं आहे तो 'युगांत' वाचून भांडायला येतो. कट्ट्याला असं भांडण हवंच असतं. तिसरं हवं असेल तर दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' आहेच.

दुसरी जोडी बायकांनी सांगितलेल्या आयुष्याची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आली. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने पुढे स्वतःच्या पायांनी तो रस्ता कसा गाठला, हे ती विलक्षण निर्मळ विनोदाने सांगते. तिच्याशेजारी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' ठेवा, १९८६ चं. पश्चिम महाराष्ट्रातल्या महारवाड्यातलं बायकांचं जगणं, भूक, बाळंतपणं, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेली माणसं. बेबीताईंनी हे लिखाण कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून केलं. दोन्ही पुस्तकांत स्वतःचं दुःख सांगताना रडगाणं नाही. पण एकीच्या ओसरीवर जे प्रश्न पडतात ते दुसरीच्या वस्तीत पडत नाहीत, आणि दुसरीचे प्रश्न पहिलीच्या ओसरीपर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही सलग वाचली की महाराष्ट्राच्या एका शतकाबद्दल जे कळतं ते एकट्या कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. मला एकच जोडी सुचवायची परवानगी असती तर मी हीच सुचवली असती.

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकासाठीही अशी वाट आहे. "खरं घडलेलं हवं" असं तो म्हणत असतो. त्याला गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' द्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दान-दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. चिं. वि. वैद्य यांनी संपादित केलेलं हे पुस्तक १९०७ साली छापून आलं. सेनापतींच्या हालचाली यात कमी. रस्त्यावरच्या भिक्षुकाला लढाई कशी दिसते, पोटाचं काय होतं, जीव कसा वाचतो, हे जास्त. राजाच्या बाजूने इतिहास वाचायची सवय झालेल्या माणसाला हा बदल फार मानवतो.

गावाच्या जोडीसाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि सदानंद देशमुखांची 'बारोमास'. १९५५ च्या बनगरवाडीत माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीत एक कोवळा मास्तर येतो. २००२ च्या 'बारोमास'मध्ये शिकलेला शेतकरी मुलगा विदर्भातल्या शेतीच्या कोंडीत अडकलेला आहे. दोन्हीमध्ये जवळजवळ अर्धशतक गेलं आहे आणि पावसाची वाट पाहणं तसंच आहे.

हमखास राहून जाणारे प्रकार

कवितासंग्रह यादीत आला की लोक मान डोलावतात आणि कुणीच नेत नाही. म्हणून संग्रह देऊच नका, एक कविता वाचून दाखवा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती कानासाठीच आहेत, मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांचा ठेका कळत नाही. नामदेव ढसाळ यांचं १९७२ चं 'गोलपिठा' सुचवायचं असेल तर आधी स्वतः दोनदा वाचा, शब्द अडतील, अंगावर येतील, आणि ते तसे का आहेत हे तुम्हाला बैठकीत सांगता आलं पाहिजे. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना त्यासाठी हाताशी आहे.

नाटक हा कट्ट्यासाठी सर्वांत सोयीचा प्रकार, तरी तो सुचवला जात नाही. दोन-अडीच तासांत वाचून होतं, आणि भूमिका वाटून घेतल्या तर बैठकीतच वाचता येतं. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घेऊन बसा. विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्यातली ती माणसं तुमच्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात कुठेतरी सापडतील. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलांसाठीही नाटक उत्तम, कारण पानभर सलग मजकूर नसतो आणि बोललेली भाषा त्यांना येतेच.

निसर्गाबद्दलचं एक तरी पुस्तक प्रत्येक यादीत असावं असं मला मनापासून वाटतं. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' वेळ नसलेल्या माणसाला द्यावं. महिन्यागणिक एक लेख आहे, म्हणून ते महिन्याला एक असं वाचता येतं. चालू मराठी महिन्यापासून सुरुवात केली तर खिडकीबाहेरचं झाड आणि पानावरचं झाड एकाच अवस्थेत भेटतं. जंगलाची ओढ असणाऱ्यांना मारुती चितमपल्ली यांचं 'रानवाटा'; आयुष्य वनखात्यात काढलेल्या माणसाची ती नजर आहे.

विज्ञानकथेबद्दल "ते काही आपल्यासाठी नाही" म्हणणारे कट्ट्यावर दोघे-तिघे तरी असतातच. त्यांना जयंत नारळीकरांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकीकत सांगा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली होती. कथेला बक्षीस मिळालं. एवढं ऐकल्यावर 'यक्षांची देणगी' न्यायला कुणीतरी हात पुढे करतोच.

अनुवाद सुचवताना अनुवादकाचं नाव न चुकता घ्या. राम पटवर्धनांनी केलेलं 'पाडस', शान्ता शेळके यांचं 'चौघीजणी', उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून आणलेलं भैरप्पांचं 'पर्व' ही मराठी वाचकाची स्वतःची पुस्तकं झाली ती या माणसांमुळे. शेजारच्या कन्नडमधलं आपण किती कमी वाचतो, हेही यानिमित्ताने लक्षात येतं.

उलट्या दिशेचा अनुवादही कामाला येतो. परदेशात वाढलेल्या मुलांच्या पालकांना तो सुचवा. 'स्मृतिचित्रे' शांता गोखले यांनी इंग्रजीत नेलं आहे, दया पवारांचं 'बलुतं' जेरी पिंटो यांनी. आई-वडिलांनी मराठी मोठ्याने वाचावं, मुलाच्या हातात इंग्रजी असावं. दोघांचं एकाच पुस्तकावर बोलणं झालं की झालं.

दोन-तीन वाक्यं लिहा

पुस्तकाचं नाव सांगून थांबू नका, आणि "अप्रतिम", "वाचायलाच हवं", "खिळवून ठेवतं" यांतला एकही शब्द वापरू नका. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चालतात, त्यामुळे त्यांतून काहीच कळत नाही. "वाचायलाच हवं" याने तर ज्याने वाचलं नाही तो उगाच खजील होतो.

काय लिहायचं? पुस्तक काय आहे, ते कुणाला द्यावंसं वाटतं, आणि अडेल कुठे. 'बनगरवाडी'साठी मी असं लिहीन:

"माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर नवा मास्तर येतो, शाळा भरवायची धडपड करतो. पातळ पुस्तक, तीन-चार रात्रींत होईल; कादंबरी वाचायची सवय सुटली असेल त्यांनी इथून सुरुवात करावी. फार काही घडत नाही असं मध्ये वाटेल. दुष्काळ येईपर्यंत थांबा."

शेवट सांगितला नाही, पण कुठवर धीर धरायचा ते सांगितलं. वाचक बहुतेक वेळा पुस्तक सोडतो ते पुढे काही आहे याची खात्री नसल्यामुळे. ती खात्री देणं हे सुचवणाऱ्याचं काम.

जड पुस्तकाबद्दल आधी सांगून ठेवण्यात कमीपणा नाही. 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या', 'अक्करमाशी' यांत उपासमार, मारहाण, अपमान थेट आहेत, 'धग'मध्ये एक घर हळूहळू मोडतं. "यात हे आहे, ज्या आठवड्यात मन हलकं असेल तेव्हा घ्या" असं लिहा. मात्र एक काळजी घ्या: दलित आणि भटक्या समाजांतल्या लेखकांची पुस्तकं केवळ दुःखाची पुस्तकं म्हणून ओळख करून देऊ नका. दया पवारांची मुंबई, कावाखाना या वस्तीतलं ते गजबजलेलं जग, लक्ष्मण मान्यांनी 'उपरा'त सांगितलेली कैकाडी समाजाची भटकंती, तिथली भाषा आणि माणसांचे स्वभाव, हे सगळं साहित्य म्हणून बलवान आहे. कुणी हळहळून वाचावीत म्हणून ती लिहिलेली नाहीत.

मिळेल का ते पाहा

सुचवलेलं पुस्तक मिळालं नाही की उत्साह ओसरतो. यादी पक्की करण्याआधी दोन ठिकाणी विचारा: जवळचं सार्वजनिक ग्रंथालय आणि नेहमीचा पुस्तकविक्रेता. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती ही नेहमीची गोष्ट आहे. ती संपली आणि प्रकाशकाने पुन्हा काढली नाही तर पुस्तक बाजारातून नाहीसं होतं. अशा वेळी जुनी ग्रंथालयं उपयोगी पडतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. गावोगावच्या वाचनालयांतही साठ-सत्तर सालातल्या पहिल्या आवृत्त्या कपाटात पडून असतात. ग्रंथपालाला नाव सांगून शोधायला लावा. त्यांना बहुधा आनंदच होतो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. त्यामुळे महात्मा फुले, ताराबाई शिंदे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचं लेखन जालावर मोफत आणि रीतसर वाचता येतं. हयात किंवा अलीकडच्या लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ गटावर फिरवू नका. हजार प्रतींच्या बाजारात पन्नास वाचकांनी फुकटची फाइल उतरवून घेतली, तर पुढची आवृत्ती निघायची शक्यता आपणच कमी करतो.

परदेशातल्या कट्ट्यांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना माहीत असावी. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ती सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. ही पेटी देशाबाहेरही पोचली आहे. नव्या माणसाने अशी एखादी पेटी उघडून नीट पाहावी. शंभरांत कुठल्या प्रकाराला किती जागा दिली आहे, यातून पाचांची यादी करायलाही शिकता येतं.

एक यादी करून पाहू

समजा कट्ट्यावर ही माणसं आहेत: बँकेतून निवृत्त झालेले, ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे काका, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून रात्री अर्धा तास वाचणारी बाई, इंग्रजी माध्यमातला, भौतिकशास्त्र शिकणारा मुलगा, साठीच्या मावशी, ज्यांचे डोळे लवकर थकतात, आणि हल्लीच गावाहून शहरात आलेले शिक्षक.

पहिला कच्चा खर्डा: काकांसाठी 'माझा प्रवास', बाईंसाठी 'ऋतुचक्र', मुलासाठी 'यक्षांची देणगी', मावशींसाठी 'स्मृतिचित्रे' (श्राव्य मिळालं तर श्राव्य, नाहीतर मोठ्या टाइपातलं), शिक्षकांसाठी 'बनगरवाडी'. प्रकार पाच झाले: प्रवासवृत्त, ललित लेख, कथा, आत्मचरित्र, कादंबरी. दोन लेखिका आहेत. जाड पुस्तक एकच.

आता उणीव शोधा. गावकुसाबाहेरचा आवाज नाही. २००० नंतरचं एकही पुस्तक नाही, म्हणजे आजचा लेखक काय लिहितो आहे याचा पत्ताच नाही. दोन बदल करू. मावशींना 'स्मृतिचित्रे'ऐवजी 'जिणं आमुचं' देऊ. लहान आहे, डोळ्यांना झेपेल, आणि 'स्मृतिचित्रे' त्यांनी बहुधा पूर्वी वाचलेलं असतं, त्यामुळे जोडी त्यांच्या मनातच लागेल. शिक्षकांना 'बनगरवाडी' ठाऊक असणारच. त्यांना आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह देऊ. मराठवाड्यातलं आजचं गाव त्यात आहे, त्याला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे, आणि नुकतंच गाव सोडून आलेल्या माणसाला त्यावर बोलायला पुष्कळ असेल. मग 'बनगरवाडी' सुटली का? ती सहावी म्हणून वहीत लिहून ठेवा, कुणी पुस्तक परत केलं तर लगेच द्यायला.

क्रमही ठरवा. बैठकीत ओळख करून देताना 'जिणं आमुचं' आणि 'आलोक' लागोपाठ ठेवू नका, मध्ये 'ऋतुचक्र' येऊ द्या. विज्ञानकथेने सुरुवात केलीत तर तरुण मंडळी सावरून बसतात.

पुस्तक दिल्यानंतर

पंधरा दिवसांनी "आवडलं का?" विचारू नका. या प्रश्नाला सभ्य माणूस होच म्हणतो. "कुठवर आलात?" विचारा. पानाचा आकडा सांगता सांगता माणूस खरं बोलू लागतो: इथे कंटाळा आला, इथे ओळखीचं वाटलं, इथे राग आला.

अर्धवट परत आलेलं पुस्तक हसत घ्या आणि ते कुठल्या पानावर थांबलं ते टिपून ठेवा. एक साधी वही करा. माणूस, पुस्तक, कुठवर, का थांबलं, पुढे काय मागितलं, एवढे रकाने पुरेत. दोन-तीन महिन्यांत त्या वहीत असं काही जमतं जे कुठल्याही 'सर्वोत्तम शंभर'च्या यादीत नसतं: तुमच्या कट्ट्याच्या आवडीनिवडींचा नकाशा. काकांना प्रवासवृत्त रुचलं, म्हणजे पुढे त्यांना मीना प्रभुंच्या प्रवासवर्णनांकडे नेता येईल. मुलाला शब्द अडले ते कथांच्या सुरुवातीला, शेवटी नाही. म्हणजे वेग वाढतो आहे.

आणि त्या प्रत्येकाकडून तुमच्यासाठी एक पुस्तक मागा. ते तुमच्या आवडीचं नसेल तरी नेऊन शेवटपर्यंत वाचा, आणि तुम्ही कुठल्या पानावर अडलात तेही त्याच वहीत लिहा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत यादी आणणाऱ्या माणसाला ती वही आठ दिवस आधी नेऊन द्या.